खंडेनवमीचं कर्नल
झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. वसमतच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. तिथल्या जुन्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालावी म्हणून मी तिचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्यानं बांधायला घेतला होता. कुठला ड्रायव्हर हवा, कुठलं फर्मवेअर नको, असे त्या गाभ्यात काय भरायचं याचे शेकडो प्रश्न. प्रत्येकाला तपासून हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. त्यात दोन दिवस गेले. खंडेनवमीच्या सकाळी मी चहाला गेलो, तेवढ्यात क्लासच्या मालक सरांनी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या खुर्चीत बसून जिथं तिथं हो भरून बांधणी सुरूही करून दिली. म्हणाले, “सणाच्या दिवशी मशीनला न्हाई म्हणू न्हाई. अन् आता पूजा झाली, हात लावू नको.” दसऱ्यानंतर वर्ग भरला, तर एवढं ओझं न पेलून मशीन सुरूच होईना. भरल्या वर्गासमोर सर मला म्हणाले, “तुला जमत नव्हतं तं आधीच सांगायचं.” मी म्हणालो, “व्हय सर.” आज ऑफिसात कुणीतरी सर्व्हरला हार घातला. सरांवरचा राग कधीच निवला. त्या ‘व्हय सर’चा अजून निवत नाही.