कणसरीचं मेण

त्या दुपारपर्यंत मी देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. बातम्या लिहिण्यात आयुष्य गेलं; ज्याला दुजोरा नाही, ते मी मानत नसे.

बाबा आमच्या डोंगरातल्या पाड्याचे तारपकरी, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे. भोपळा, बांबू आणि मेण जोडून ते तारपा स्वतः घडवतात. भातकापणीनंतर कणसरीपुढे, म्हणजे आमच्या धान्यदेवीपुढे, तो वाजल्याशिवाय पाड्यात कोणी नवा भात खात नाही. छातीच्या दुखण्यातून उठून बाबा यंदा पुन्हा वाजवणार होते. त्यांचा तारपा मी ठाण्याच्या एका प्रदर्शनासाठी आणला होता. परत नेताना शीळफाट्याला जेवायला थांबलो आणि बंद गाडी उन्हात ठेवली.

खडवलीजवळ मागचं दार उघडलं, तर मेण वितळून सीटवर ओघळलेलं, नळ्या सुटलेल्या. नाच संध्याकाळी होता. दुकानातली मेणबत्ती या कामाला चालत नाही, मधाच्या पोळ्याचंच मेण लागतं. मी तिथेच हात जोडले. ‘कणसरी माय, चूक माझी आहे, बाबांना रिकाम्या हातांनी बसवू नको,’ एवढंच म्हणालो.

रस्त्यापलीकडे झाडाखाली एक बाई मध विकत होती. ती उठून आली आणि गाडीत डोकावली.

“तारपा गाडीत भाजलास व्हय रे? वांगा हाय का तो?”

मी सगळं सांगितलं. तिने पिळलेल्या पोळ्याचा गोळा पळसाच्या पानात बांधून दिला. मी पाकीट काढलं.

“मध घे इकत. देवाच्या वाजपाला मेण इकत नाय देत आमी.”

बाबा रागावले नाहीत. चुलीवर मेण पातळ करून, गाळून त्यांनी एकेक नळी बसवली. अंधार पडताना तारपा वाजला. मधेच त्यांना खोकला आला, पण सूर तुटला नाही.

पुढच्या आठवड्यात मी खडवलीला गेलो. बाई होती तिथेच होती. मी मधाच्या दोन बाटल्या घेतल्या. तिने ठरलेला भाव घेतला, एक रुपया जास्त नाही. तिला कोणी पाठवलं होतं का, हे मी विचारलं नाही.

तारप्याच्या नाचात वाजवणाऱ्याकडे कोणी पाठ करत नाही. तो वळला की रांग वळते, कुठे ते विचारत नाही. मी इतकी वर्षं रांगेबाहेर उभा राहून टिपणं घेत आलो. नाचाच्या त्या संध्याकाळी मात्र वही गाडीतच राहिली. शेजाऱ्याच्या कमरेत हात घालून मी बाबांच्या मागे वळत राहिलो, आणि नंतर पोटभर नवा भात जेवलो.