जीप कोण चालवत होतं

ठाण्याच्या कोळीवाड्यात कलावतीला भित्री म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. मासळी बाजारात गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती नुसती बघायची, आणि ते गप पैसे काढायचं. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. नवरा धाकू एका कंपनीत ड्रायव्हर होता. रिटायर होताना त्याने कंपनीची जुनी फियाट विकत घेतली, आणि दोन वर्षांत साखरेने त्याची नजर गेली. मग खाडीकडच्या मोकळ्या मैदानात शेजारी बसून, केवळ आवाजावरून, त्याने बायकोला क्लच-गिअर शिकवला. लुगड्याचा ओचा खोचून फियाट चालवणारी बाई बघायला सुरुवातीला लोक थांबत. नंतर सवय झाली.

एक्याण्णव सालची गोष्ट. त्यांची मुलगी शालन शहाडला राहायची. जावई जवळच्याच मोहने गावात रेयॉनच्या कारखान्यात कामाला होता. एका रविवारी दुपारी मुलीकडून निघून दोघं परत येत होती. शहाड सोडल्यावर समोरून माल भरलेला ट्रक आला. रस्ता अरुंद, म्हणून कलावतीने गाडी कडेला घेतली आणि थांबली. सवयीने आरशात बघितलं. मागून एक जीप येत होती. तिच्या स्टिअरिंगवर मिसरूडही न फुटलेला एक पोरगा होता. तोंड बाजूला वळवून तो हसत होता. समोर बघतच नव्हता.

धडक फार मोठी नव्हती. पण डिकी आत गेली, मागचे दिवे फुटले, आणि काहीच कल्पना नसलेल्या धाकूचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

"काय झाला? कोन ठोकला?" तो चाचपडत विचारू लागला.

कलावती मान वळवून मागे बघत होती. जीपमध्ये पोरगा आणि शेजारचा माणूस घाईघाईने एकमेकांवरून सरकून जागा बदलत होते. लोक जमेपर्यंत स्टिअरिंगवर तिशीचा एक माणूस बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पोरगा डावीकडून उतरला. डिकीकडे बघून म्हणाला, "मावशी, चंदू चालवत होता. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. माझे काका कोण आहेत ते समोर वाच."

जीपच्या काचेवर मोठ्या अक्षरांत नाव होतं. डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत नव्या इमारतींच्या बोर्डांवर ते नाव तिने पाहिलं होतं. त्या माणसाबद्दल लोक काय काय बोलायचे तेही ऐकलं होतं. बाजारात कोणाला न घाबरणाऱ्या कलावतीने नजर खाली घातली. जीप निघून गेली. तिने धाकूच्या कपाळाला पदर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी ती विमा एजंट हरिहर यांच्याकडे गेली. नौपाड्यात राहणारे, शांत बोलणारे गृहस्थ.

"चूक तुमची नाही, पॉलिसी फुल आहे, क्लेम मिळेल," ते म्हणाले. "पण धाकूरावांना लागलंय. पोलिसांत नोंद हवी. तिथल्या हद्दीत जाऊन जबाब द्या. मग नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर येईल." तिने जीपवरचं नाव सांगितलं तसा त्यांनी चष्मा काढला. "कलावतीबाई, तुम्ही मागे बघितलंच नाही म्हणा. जीपचा ड्रायव्हर कोण, यावर तुमचा क्लेम अडत नाही."

पोलीस स्टेशनात हवालदाराने नोंद घेतली. "जीप कोण चालवत होतं?"

"दोघं होते," एवढंच तिच्या तोंडून निघालं. समोरच्या पार्टीला बोलावतो, आठवड्याने परत या, असं त्याने सांगितलं.

त्यानंतर जीप कोळीवाड्यात दिसायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी, दुपारी, बाजार उठायच्या वेळेला. कोणी उतरायचं नाही. थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. कलावतीने पहिल्यांदा बघितली तेव्हा डोक्यावरची पाटी घेऊन ती एका दारात शिरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग ती मागच्या, चिखलाच्या वाटेने घरी यायला लागली. खिडक्या लावून घ्यायची. दारावर कोणी थाप मारली की धाकूला पुढे बोलायला लावायची. गॅरेजमध्ये सर्व्हेअर आला, डिकीचे फोटो काढून, खर्च लिहून गेला. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला ती रस्त्याकडे बघत उत्तर देत होती.

"सोड तो क्लेम," धाकू म्हणाला. "पत्रा ठोकून घेऊ आपन."

"क्लेम सोडून ते सोडतील काय? पोलिसांत माझं नाव तर लिहून आलेय मी."

शेवटी एका दुपारी मागच्या वाटेवरच तो माणूस तिच्यासमोर आला. चंदू. कलावतीने कोयता काढायला पाटीत हात घातला. तो चटकन दोन पावलं मागे सरला.

"मावशी, मारू नका. मी रोज येतोय. गाडीतनं उतरायचा धीर होत नव्हता."

ती बघतच राहिली. इतके दिवस जिच्यापायी तिची झोप उडाली होती, त्या जीपमध्ये हा एकटाच बसून असायचा.

"जबाबात माझंच नाव सांगा," तो म्हणाला. "पोराकडे लायसन नाही. शेठ म्हणतात, तू अंगावर घे, नाहीतर उद्यापासून येऊ नको. बायकोचे दिवस भरत आलेत मावशी."

"आणि केस झाली तर? लायसन गेलं तर?"

तो रडायला लागला, आणि कलावतीला आणखीच भीती वाटली. शेठचा माणूसच शेठला एवढा भितो, तर आपण कोण?

ठरल्या दिवशी ती धाकूला घेऊन पोलीस स्टेशनला गेली. मी मागे बघितलं नाही, असंच सांगायचं तिने ठरवलं होतं. वाटभर तेच घोकत होती. दोघं रिक्षातून उतरत होती, तेवढ्यात धूळ उडवत जीप आवारात आली. आणि स्टिअरिंगवर पुन्हा तोच पोरगा! पोलीस स्टेशनच्या दारात! किल्ली बोटावर फिरवत तो उतरला. मागून काका उतरले. चंदू सर्वांत शेवटी.

हवालदाराने कागद पुढे ओढला. "बोला बाई. कोण चालवत होतं?"

कलावतीने टेबलाची कड पकडली. काका तिच्याकडे बघून मंद हसत होते.

"हा पोरगा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की हवालदाराने पुन्हा विचारलं. "हा. आता पन हाच गाडी घेऊन आला. चंदू बाजूला बसलेला. नंतर जागा बदलली. मी बघितली."

हवालदार खिडकीतून जीपकडे बघून लिहू लागला. काकांचं हसू गेलं नव्हतं. "मावशींची नजर चांगली आहे," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर कलावती पायरीवर मटकन बसली. धाकूने चाचपडत तिचा हात धरला. "बोललीस ना? मग झाला."

पण कुठे झालं होतं? पुढचे कित्येक महिने ती दिव्यासमोर बसून एकच मागायची, आज कोणी येऊ नये. कोणी आलं नाही. पोराला दंड झाला, असं हरिहरांकडून कळलं. क्लेम पास झाला, नवी डिकी बसली. कलावती बाजारात पूर्वीसारखी ओरडायला लागली, पण फियाट घेऊन शहाडच्या वाटेला ती पुन्हा गेली नाही. मुलीकडे दोघं लोकलने कल्याणला आणि पुढे रिक्षाने जायची.

एकदा कल्याणला अशीच रिक्षा पकडली, आणि बसल्यावर तिने चंदूला ओळखलं. बाहेर ऊन होतं तरी ती शहारली.

"नोकरी गेली माझी," तो समोर बघतच म्हणाला.

कलावतीने धाकूचा हात घट्ट धरला. शहाडला शालनच्या घराशी आल्यावर तो उतरला, धाकूचा दंड धरून त्याला गटारावरून पलीकडे नेलं.

"मुलगी झाली," तो तिला म्हणाला, आणि मीटरचे पैसे घेऊन निघून गेला.