‘नव्हती जी’

“दुखायला तिथं कोणीतरी असावं लागतं,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “आणि तिथं कोणी नव्हतंच.”

मी वाळ्याच्या पडद्याआड उभी होते. अकोल्याचा वैशाख, त्यामुळे दुपारभर त्या पडद्यावर आतून पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. पडद्यापलीकडे ओसरीवर तिघे बसले होते. वडील, डॉक्टरसाहेब आणि शास्त्रीबोवा. वडील कापूस दाबण्याच्या कारखान्यात दुभाषे होते आणि डॉक्टर त्यांच्याकडे मराठी शिकायला येत. शास्त्रीबोवा वलगावचे, आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेले. डॉक्टर बोलले ते इंग्रजीत. वडिलांनी त्याचं मराठी करून शास्त्रीबोवांना सांगितलं, आणि सांगताना त्यांना मजा येत होती हे आवाजावरून कळत होतं.

“असं?” शास्त्रीबोवा म्हणाले. “साहेबांना विचारा, काल दुपारी ते ह्याच खुर्चीत घोरत होते. तेव्हा ते कुठे गेले होते?”

वडिलांनी विचारलं. डॉक्टर मोठ्यानं हसले. “मी घोरत होतो हे मला तुमच्याकडूनच कळतंय!”

“आणि उठल्यावर ‘छान झोप लागली’ म्हणालात, ते कोणाकडून कळलं? तेही मीच सांगितलं का? झोपेत कोणी जागं नसेल, तर ती छान होती ही साक्ष दिली कोणी?”

“ती साक्ष नव्हे, अंदाज. अंग हलकं वाटलं म्हणून म्हणालो. आणि आपण कशाला भांडतोय? बोटं कापलेल्या त्या बाईनं स्वतःच सांगितलंय.” मग डॉक्टर आपल्या मराठीत, एकेक अक्षर तोडून म्हणाले, “न-व्ह-ती जी.”

“तेच तर!” शास्त्रीबोवांनी मांडीवर थाप मारली. “‘मी नव्हते’ असं म्हणणारी कोण मग? जी नव्हतीच, तिला आपण नव्हतो हे कळलं कसं?”

“वा,” वडील म्हणाले. “आता ह्याचं इंग्रजी कसं करू?” आणि जरा थांबून, “आमची मुलगी करील. त्या बाईला सवाल तिनंच तर विचारला होता.”

त्या वादातला ‘नव्हती’ हा एक शब्द माझ्यामुळे तिथं आला होता आणि तो खोटा होता. चार दिवसांपासून मला ते माहीत होतं.

आमचं घर पुण्याकडचं. मी मुंबईला आजोळी राहून मडमांच्या शाळेत शिकले. तिथं सगळं इंग्रजीतून. गणित इंग्रजीतून, प्रार्थना इंग्रजीतून, रागावणंसुद्धा. लग्न झालं तेव्हा पती शिकत होते, अजून मुंबईलाच शिकतात, म्हणून मी वडिलांकडे वऱ्हाडात आले. त्या वर्षांत कापसाच्या भावानं सगळ्यांना वेड लावलं होतं. अमरावतीच्या रस्त्यांवरून गाड्या सरत नसत, घरातल्या गाद्या उसवून कापूस विकणारेही मी पाहिलेत. मला मात्र काही काम नव्हतं. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. इंग्रजी येतं म्हणून बायका माझ्याकडे दुरून पाहत आणि त्यांची बोली मला नीट कळत नाही म्हणून मी त्यांच्याकडे.

अमरावतीला असताना फाल्गुनात कारखान्यात एक अपघात झाला. दाबलेल्या गाठीला बांधायची लोखंडी पट्टी तुटून उडाली आणि पलीकडे कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत बसलेल्या एका बाईच्या डाव्या हातावर आली. ती नांदगाव खंडेश्वरकडची कुणबी बाई होती, विधवा, मजुरी चांगली मिळते म्हणून आलेली. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी तिला ते नवं गुंगीचं औषध हुंगवलं. बाटली मुंबईहून यायची आणि जास्त दिलं तर माणूस उठतच नाही, म्हणून ते अगदी मोजके थेंब देत. शस्त्र चालू असताना ती कण्हली. डॉक्टरांच्या मनात शंका राहिली, की हे कण्हणं नुसतं शरीराचं होतं की तिला खरंच कळत होतं? बाईमाणसाला नीट विचारेल असं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून वडिलांनी मला पाठवलं.

मला तो दिवस अजून लख्ख आठवतो, कारण मी फार खूश होते. नेसूचं चांगलं लुगडं काढलं होतं. दवाखान्यात डॉक्टर एका बाजूला, मलमपट्टी करणारा एक माणूस दुसऱ्या बाजूला आणि चटईवर ती बाई. डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं की ती त्या वेळी शुद्धीवर होती का, एवढंच विचारायचं. इंग्रजीत त्याला एक विशेषण आहे. मी इंग्रजीतच विचार करत होते, म्हणून मराठीतही एक विशेषण शोधलं आणि वाक्य नीट जुळवून विचारलं,

“बाई, तुम्ही तेव्हा शुद्ध होता का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघा पुरुषांकडे पाहिलं. मग तिनं पदर पुढे ओढला, पाय पोटाशी घेतले आणि चटईच्या पलीकडच्या कडेला सरकली, माझ्या लुगड्याला धक्का लागू नये अशी.

“नव्हती जी,” ती म्हणाली.

मी मागे वळून इंग्रजीत सांगितलं, “नव्हती, साहेब.” डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले की इतकी स्वच्छ दुभाषी त्यांना ह्या मुलखात भेटली नव्हती.

मला जे सांगायचं ते हे, की तिचं ते सरकणं मी पाहिलं होतं. मला बारीकसारीक दिसतं, लाजरी माणसं तेवढंच करत असतात. आपल्याला काही कळत नव्हतं एवढंच सांगायचं असेल, तर कोणी पाय आखडून दूर का सरकेल? हा प्रश्न माझ्या मनाच्या दाराशी आला आणि मी दार उघडलं नाही. मला त्या वेळी ‘स्वच्छ’ हा शब्द ऐकायचा होता.

पुढे डॉक्टरांची अकोल्याला बदली झाली. आगगाडी तिथवर पोचली होती, माल तिथं साठत होता, त्यामुळे कारखान्यानं वडिलांनाही धाडलं. ती बाई मूर्तिजापूरजवळ भावाकडे गेली होती. तिथं जखम चिघळली. भावानं बैलगाडीत घालून तिला अकोल्याला आणलं, तेव्हा हात मनगटापर्यंत काळा पडत चालला होता. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी मनगटाच्या वरून काढू.

सोमवारी मी तिच्यासाठी भाताची पेज घेऊन गेले. दुपारची वेळ, दवाखान्यातल्या बायकांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिनं मला ओळखलं. पेज घेतली, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली,

“बाई, एक विचारू? तवा तुमी मले चार मानसात तसं काहून विचारलं?”

“कसं?”

“मी शुद्ध हाय का नाई म्हनून. त्या बाप्यांसमोर! मी बाहेरची होती त्या दिवशी, तिसरा दिवस होता. पन तुमाले कसं समजलं व माय? लुगड्याले लागलं होतं काय?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं. मी तिला शुद्ध होती का विचारलं होतं आणि तिनं विटाळाचं उत्तर दिलं होतं. तेही खरं, लपवता आलं असतं तरी न लपवता.

“नाही, नाही,” मी म्हणाले. “मला विचारायचं होतं, औषध दिल्यावर तुम्हाला भान होतं का. समजत होतं का.”

“हे विचारून राहिल्या होत्या तुमी? असं विचारतात काय ते?” ती हसली, तेवढ्यात हात दुखला म्हणून थांबली. “समदं समजत होतं. पह्यले करंगळी गेली, मंग बाजूचं. ओरडावं वाटलं पन तोंड माहं नव्हतं. कोनीतरी कन्हून राहिलं होतं, ते मीच हाय हे मले मागून समजलं. अन् तो सायब शीळ वाजवून राहिला होता.”

मग तिनं ओठ जुळवले आणि ती शीळ हळूच वाजवून दाखवली. अर्धवट, पण ओळखू येण्यासारखी. मलमपट्टी करताना डॉक्टर तीच वाजवतात. पण मलमपट्टीच्या वेळी ती कुठे ऐकणार होती? अमरावतीहून दुसऱ्याच दिवशी भाऊ तिला घेऊन गेला होता आणि इथं तिची पट्टी डॉक्टर स्वतः करत नव्हते. त्या चालीत एक जागा अशी आहे की ते तिथं नेहमी अडखळतात. ती त्याच जागी अडखळली.

“मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?”

“विचारलं कोनं? तुमी विचारलं ते असं. भाऊ म्हने, औषध देल्लं होतं त दुखते कायचं, सपन पडलं असन. माह्या दुखन्याचं बी त्यालेच जास्त समजते.”

“मी डॉक्टरांना सांगू?”

“मंग? शुक्रवारी हात जानार हाय माहा.”

“पण तुम्ही बाहेरच्या होतात, तेही सांगावं लागेल.”

“सांगा. लाज वाटली त मले वाटन. तुमाले कायची?”

तिला वाटत होतं, मी तिच्या लाजेचा विचार करतेय. मी माझ्याच लाजेचा विचार करत होते. ती अब्रूची पर्वा न करता खरं बोलली होती. मला आता हे वडिलांसमोर उच्चारायचं होतं. आमच्या घरात त्या चार दिवसांना नावच नव्हतं. आई कावळ्यावर ढकलायची आणि मी पोटदुखी म्हणून कोपऱ्यात बसायचे. वडिलांना कळत असणार, पण त्यांच्यासमोर तो शब्द कधी निघाला नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी डॉक्टरांना इंग्रजीत चिठ्ठी लिहायला घेतली. पहिलं वाक्य लिहिलं, की त्या बाईच्या समजुतीत घोटाळा झाला. ते वाचलं आणि फाडलं. घोटाळा तिचा नव्हताच. पुन्हा लिहायला बसले तर ज्या शब्दावर सगळं अडत होतं, तो इंग्रजी शब्दच मला ठाऊक नव्हता. मडमांनी आम्हाला ताऱ्यांची नावं शिकवली, हाडांची शिकवली, हे शिकवलं नाही. मग मी स्वतःला समजावलं की जास्त औषध दिलं तर ती दगावेल, त्यापेक्षा हे बरं. हे समजावणं मला इतकं सोपं गेलं की त्याचीच मला आता जास्त लाज वाटते. निवड तिच्या जिवाची होती आणि ती मी पडद्याआड उभी राहून करत होते.

आणि आज गुरुवार. ओसरीवर वाद रंगात आला होता.

“तुमचा तो आतला साक्षी मला दाखवा,” डॉक्टर म्हणत होते. “प्रेतं चिरताना मी मेंदूही पाहिलेत. तिथं कोणी बसलेलं दिसलं नाही.”

“डोळ्याला डोळा दिसत नाही, म्हणून डोळा नाही का?” शास्त्रीबोवा म्हणाले.

वडिलांनी मोठ्या हौसेनं भाषांतर केलं. तिघेही हसले. खेळीमेळीनं चाललं होतं सगळं, कोणाचंही काही बिघडत नव्हतं. बायकांची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती.

“असो,” डॉक्टर उठत म्हणाले, “उद्या तेवढेच थेंब देतो. मागे पुरले, उद्याही पुरतील. तुम्ही हवं तर येऊन बघा, तुमचा साक्षी ओरडतो का.” आणि टोपी घेताना ते शीळ वाजवू लागले.

तीच चाल होती. मी त्या अडखळण्याच्या जागेची वाट पाहत राहिले. ती आली.

मी ओला पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. बाहेरचा उजेड डोळ्यांत घुसला. शास्त्रीबोवांनी मान खाली घातली, घरातली सून-मुलगी अशी पुढे आली की घालतात तशी. वडील म्हणाले, “काय गं? पाणी संपलं का?”

इंग्रजीत तयार केलेलं सगळं विसरले. पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते ओलं झालं होतं. डॉक्टरांकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून वडिलांकडे पाहूनच बोलले. सगळं मराठीत बोलले, शास्त्रीबोवांनाही कळेल असं.

“बाबा, मी तिला शुद्धीवर होता का असं विचारलंच नव्हतं. शुद्ध होता का, असं विचारलं. तिला वाटलं, मी विटाळाचं विचारतेय. ती त्या दिवशी बाहेरची होती, म्हणून ‘नव्हती’ म्हणाली. शुद्धीवर ती होती, दोन्ही बोटं जाईपर्यंत होती. साहेबांची ही शीळसुद्धा तिनं ऐकलीय. चूक तिची नाही, माझी आहे. हे त्यांना आत्ता तुम्ही सांगा, बाबा. मला त्याचा इंग्रजी शब्द येत नाही.”