लग्नापुरते दात

जिंतूरला माझ्या खोलीशेजारी एक म्हातारे बाबा एकटेच राहतात. मुलाने करून दिलेली दातांची कवळी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात आणि फक्त लग्नाच्या पंगतीत घालतात. लग्नाच्या फोटोत नवरदेवाला लाजवतात. घरी मात्र पाण्यात कुस्करलेली चतकोर भाकर. सदरा अंगावर लोंबायला लागलाय.

"बाबा, रोज घाला की दात. वाळायलात तुमी."

"झिजले तर पोराला पुन्हा कसं मागू? अन् एकट्यासाठी कशाला थाट?"

शाळा अर्धी सोडून मी कामासाठी इतक्या लांब आलो आणि तापाने पडलो, तेव्हा याच बाबांनी मला गरम कण्या भरवल्या होत्या. त्यामुळे त्यांची मला सारखी काळजी. परवा त्यांना जेवायला बोलावलं. माझी भाकरी म्हणजे कौलच. बाबांनी पाठ फिरवली आणि वळले, तर कवळी तोंडात!

"आज कुणाचं लग्न हाय?"

"ताट वाढून कुणी हाक मारली, मला तेच लग्न. लय कडक केलीस, पर वाढ."

आता मी रोज हाक मारतो. "दात झिजवतोस लेकरा माझे," म्हणत बाबा कुरकुरतात आणि दुसरी भाकर मागतात.