मुळं छाटलेली तिकिटं

पुंजाजींची आणि शेखर सरांची पहिली भेट झाली तेव्हा अमरावतीचा इतवारा बाजार अर्धा तास बंद पडला होता. निदान सर तरी तसंच सांगतात. सर वांगी निवडत होते, खिशातून टपालानं नुकतंच आलेलं एक पाकीट डोकावत होतं, आणि कोथिंबिरीच्या ढिगामागून अचानक एक हात बाहेर आला. त्या हाताच्या सावलीत दोन म्हशी आरामात बसल्या असत्या. हातानं सरांचं मनगट धरलं. ऑटो थांबले, टोमॅटोचे भाव उतरले, समोरच्या रसवंतीचा चरक उलटा फिरला. मग हातामागून एक आवाज आला, तो थेट बडनेरा स्टेशनवर ऐकू गेला.

“थे पाकीट फेकू नका, बाप्पा!”

“फेकत नाहीये. आधी माझा हात सोडा.”

“हात ठेवा तुमच्यापाशी. मले फक्त कोपरा द्या.”

कोपरा म्हणजे पाकिटाचा, तिकीट चिकटवलेला. तो कापून घेऊन पुंजाजींनी सरांच्या पिशवीत एवढी कोथिंबीर कोंबली की पुढचे चार दिवस सरांच्या घरी चहा सोडून सगळ्यात कोथिंबीर होती.

पुंजाजी चांदूर रेल्वे गावचे. दीड एकरात भाजी काढायची, ती अमरावतीला आणून विकायची, आणि गिऱ्हाइकांकडून पाकिटांचे कोपरे गोळा करायचे, असा त्यांचा पन्नास वर्षांचा उद्योग. शाळा सातवीपर्यंत. शेखर सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्यांच्या इतिहासाच्या तासाला वर्गातला पंखासुद्धा पेंगत असे.

त्यानंतर दर रविवारी सर दुकानापुढे उभे राहू लागले. पुंजाजी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एकच तिकीट काढत आणि मेथी निवडता निवडता देशाची गोष्ट सांगत.

“हे पाहा, नये पैशे. पैसा सात वर्षं नवा होता, सर. मंग म्हतारा झाला.”

“आणि हे?”

“कापसाचं बोंड. दिल्लीवाल्याईनं आपलं बोंड छापलं! गोदाबाईले दाखवलं तं मंते, याच्यापेक्षा मोठं आपल्या वावराच्या धुऱ्यावर लागते.”

“लागतेच,” मागून पुंजाजींच्या पत्नी गोदाबाई म्हणाल्या. “अन् थे तिकीट ठेवा आता, गिऱ्हाईक उभं हाये.”

सर हे सगळं सोमवारी वर्गात जसंच्या तसं सांगत. पोरं जागी राहू लागली. सरांना वाटलं, आपण चांगले शिक्षक आहोत.

मग अकोल्याला टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाची बातमी आली. सर म्हणाले, “काका, तुमचा अल्बम देऊ या.” पुंजाजींच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“तिथी महादेवराव हायेत,” ते हळूच म्हणाले.

महादेवराव म्हणजे गोदाबाईंचे भाऊ, अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर आणि प्रदर्शनाचे मुख्य परीक्षक. चाळीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, “भाजीवाल्याले तिकिटं कायले लागतात, भाऊजी? भेंडीले लावता का?” पंगत हसली होती. पुंजाजींनी त्या दिवशी बुंदी खाल्ली नाही, आणि अल्बम महादेवरावांना आजवर दाखवला नव्हता.

“त्यानं एकडाव म्हणावं, का भाऊजी, हे खरं हाये,” पुंजाजी म्हणाले. “बक्षीस-बिक्षीस नोको मले.”

तर अल्बम कोऱ्या धोतरात बांधून गोदाबाईंसह तिघं अकोल्याला गेली. एसटीत पुंजाजींनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. वाहकानं त्याचं तिकीट मागितलं, तेव्हा म्हणाले, “याच्यात लय तिकिटं हायेत, एखादं फाडून घे.”

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये महादेवरावांनी चष्मा पुसला, बोटं पुसली, अल्बम उघडला. पान उलटलं. आणखी एक उलटलं. सरांना त्यांचा चेहरा पडताना दिसला.

“भाऊजी, या तिकिटाईच्या कडा कुठी गेल्या?”

“कोनत्या कडा?”

“दातेरी कडा! तिकिटाले चहूकडून बारीक दाते असतात ना!”

“थे? छाटले.” पुंजाजींना प्रश्नच कळेना. “मुळं ठेवून माल कोन मांडते? पालकाची जुडी असो का तिकीट असो, साफसूफ करूनच मांडाले लागते.”

पन्नास वर्षांचा संग्रह. प्रत्येक तिकीट कात्रीनं चारी बाजूंनी गुळगुळीत केलेलं. सर दर रविवारी ती गुळगुळीत तिकिटं हातात घेत होते आणि इतिहासाच्या शिक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“कडा गेली का तिकिटाची किंमत गेली,” महादेवराव म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “स्पर्धेत नाई घेता येत, भाऊजी. नियम हाये.”

गोदाबाई पुढे झाल्या. “महादेवा, कडा मी बी छाटल्या हायेत. त्याईचे हात दुखले का मी बसत जाओ. मले बी बोल.”

पुंजाजींनी अल्बम आपल्याकडे वळवला, एका पानावर बोट ठेवलं. एक छोटंसं पाच पैशांचं तिकीट, वर ‘शरणार्थी सहायता’ छापलेलं.

“एकाहत्तरचं. बंगालातून लोकं आले होते. दर पाकिटाले हे जास्तीचं लावा लागे, त्याचा पैसा त्याईले जाये. आमची आई, पार्बताबाई, पोस्टातच भांडली. कोन कुठचे लोक, मी कावून चिकटवू? पोस्टमनानं सांगतलं, बाई, त्याईच्या घरच्या चुली इझल्या. मंग आईनं तिकीट चिकटवलं. घरी येऊन तिनं मामाले एक पत्र धाडलं, मावशीले एक, अन् ज्याच्यासंग दहा वर्षं बोलचाल नव्हती त्या काकाले बी एक धाडलं. काकानं थे पाकीट ठेवलं होतं. त्याच्यावरून काढलं मी.”

महादेवरावांनी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी बराच वेळ.

“हे मले माहीत नव्हतं, भाऊजी,” ते म्हणाले. “तिकीट माहीत होतं. पार्बताबाईचं माहीत नव्हतं.”

नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. अल्बम त्यांनी हॉलच्या दाराबाहेर, पाण्याच्या कॅनच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी स्वतःच्या पोस्टमास्तरी अक्षरात पाटी लिहिली: ‘पुंजाजी, भाजी उत्पादक, चांदूर रेल्वे’. हॉलमधल्या काचेच्या कपाटांपुढे दिवसभर जेमतेम माणसं होती. पाण्याला मात्र सगळेच आले, आणि पेला हातात धरून पुंजाजींचं ऐकत उभे राहिले. दुपारी कॅन दोनदा बदलावा लागला. महादेवराव सोळा वेळा पाणी प्यायले.

परतल्यावर पुंजाजींनी कात्री गोदाबाईंकडे दिली. यापुढे एकही तिकीट छाटायचं नाही, असं ठरलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. इतवाऱ्यातल्या गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर हल्ली तिकिटाऐवजी छापील पट्टी येते. पुंजाजींना तेव्हापासून एकही तिकीट मिळालेलं नाही.