चिकट राहिलेली भेग

काकीला कुणी माप शिकवायला गेलं की तिचं डोकंच फिरायचं. लाकडाला रंग द्यायचा आणि त्यावर लॅकर चढवायचं, यात तिची हयात गेली होती. हे काम मूळ तिच्या नवऱ्याचं. तो गेला, आणि त्याची रंगाची खोली, त्याचे डबे आणि त्याचं एक वाक्य तेवढं तिच्याकडे राहिलं: "हाताला कळतं." मग वजनकाटे नि मापाच्या वाट्या हव्यात कुणाला? रंग फिका वाटला की चिमूटभर पूड. लॅकर लवकर सुकायला हवं, तर हार्डनरची धार जरा जास्त. झालं काम!

सुतारकामाचा कारखाना तिच्या दिराचा. हल्ली त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं.

"वहिनी, लोकांना आता इपॉक्सी हवंय. भेगेत ओतलं की घट्ट होऊन काचेसारखं दिसतं. तुम्हाला ते कुठलं जमायला! रंगाचं काम बाहेर देऊन टाकतो. तुम्ही आराम करा."

"आराम काय, मेल्यावर आहेच की, भावजी! एक फळी द्या मला. नाही जमलं तर खोलीची किल्ली तुमच्या हातात ठेवते."

दिराने दिली ती नेमकी शाळेची फळी. शाळेच्या अंगणातलं जुनं झाड कोसळलं, त्याचंच टेबल शाळेला हवं होतं. मधोमध हातभर लांब भेग. "ही बिघडली तर दुसरी नाही, बरं का," तो म्हणाला.

काकीने फळीला तपकिरी रंग दिला. इपॉक्सीत निळा कालवला. हवा गार होती, म्हणून सवयीने हार्डनरची धार जरा जास्त सोडली आणि मोठ्या ठसक्यात भेग भरली.

सकाळी बोट लावलं, तर बोट आत! दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा उलटला तरी भेग आपली गुळाच्या पाकासारखी चिकट. शेवटी नाक मुठीत धरून ती रंगाच्या दुकानात गेली.

"काकी, लॅकरसारखं हार्डनर जास्त घातलंत ना?" दुकानदार म्हणाला. "याला जास्त झालं तर हे कधीच सुकत नाही. वजन करूनच घालायचं."

घरी येऊन काकी ढसाढसा रडली. फळीसाठी रडली, खोलीसाठी रडली, आणि नवऱ्याचं वाक्य खोटं पडलं म्हणून सगळ्यात जास्त. मग तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलला.

"आई, तो पिठाचा आहे!" सून ओरडली.

"होता!"

हातमोजे चढवून ती पटाशीने भेग खरवडायला बसली. चिकटा निघता निघेना. तो निघाला, तर कडांमध्ये निळा मुरलेला. मग अख्खी फळी पुन्हा घासली, पुन्हा रंगवली, आधीपेक्षा गडद. दीर दारात येऊन उभा राहिला.

"सोडा आता, वहिनी. सोमवारी बाहेरच्या रंगवाल्याचा टेम्पो येतोय."

"येऊ दे की. मी काय त्याला अडवतेय?"

तिने काट्यावर इपॉक्सी नि हार्डनरचं वजन केलं. बरोबर भरलं. तरी उजवा हात शिवशिवत होता, अजून एक धार सोड म्हणून. तिने तो डाव्या हाताने घट्ट धरला. "गप्प बस मेल्या!" तिने हाताला दम भरला आणि भेगेत ओतलं.

सोमवारी टेम्पोत रंगवायच्या खुर्च्या चढत होत्या. काकीने दिराला खोलीत ओढत नेलं. त्याने भेगेवर नख दाबलं. मग जोर लावून दाबलं. नख दुखलं, भेगेवर ओरखडासुद्धा उठला नाही. तो दाराशी जाऊन ओरडला, "ए, खुर्च्या उतरवा रे!"

काकीचा जीव भांड्यात पडला. दार लोटून ती नवऱ्याच्या डब्यांपाशी गेली. काटा त्यांच्या शेजारी ठेवायला जागा केली.

"तुमचा हात खोटा नव्हता हो," ती म्हणाली, "पण हे इपॉक्सीचं कार्टं कुणाच्याच हाताचं ऐकत नाही."