दिवाळसणाची गाडी आणि टाकीचं झाकण

सकाळी कल्याणहून निघालो तेव्हा मोटारसायकलवर माझ्या मागे बायको बसली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रवासात ती तिथे फारशी नव्हती. लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासुरवाडी वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाड्यांत, आणि मी दिवाळसणाला (पहिल्या दिवाळीच्या मानपानाला) निघालेला जावई. सुनीताला मागे बसवून ऐटीत त्यांच्या दारात उतरायचं, एवढीच हौस होती.

भिवंडी ओलांडून कामणच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, मधूनच टेकड्या. एका ट्रकला मागे टाकायला अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला पीळ दिला, तर गाडी झेपावण्याऐवजी ठसका लागल्यासारखी भकभकली आणि बंद पडली. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं. सुस्स आवाज आला, पण पेट्रोल भरपूर होतं. किक मारली, चालू झाली. थोडं अंतर शहाण्यासारखी गेली आणि पुन्हा तेच.

चिंचोटी फाट्यावर मेल्विन उभा होता. सुनीताच्या शेजारच्या वाडीतला, तिचा लहानपणापासूनचा मित्र, सासऱ्यांनी आम्हाला घ्यायला पाठवलेला. उंच, हसरा, आणि त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा जुनी असून आवाज लोण्यासारखा.

"दोघांचं वजन नाय झेपत तिला," तो म्हणाला. "सुनी, तू माझ्या मागे बस. दाजी येतील आरामात."

सुनी! मी अजून सुनीताच म्हणत होतो.

ती बसली आणि लगेच दोघं त्यांच्या गावच्या बोलीत सुरू झाले. मला चार शब्दांतला एक कळे. त्याला ती 'अरे' म्हणते आणि मला 'अहो', हेही तेव्हाच लक्षात आलं. उगीच लपवत नाही, माझा नुसता जळफळाट झाला.

एव्हरशाईन सिटीच्या इमारती मागे पडल्या आणि रेल्वेवरचा पूल आला. मेल्विनची गाडी सरसर वर गेली. ती दोघं लहान होत चाललेली बघून मी इरेला पेटून पीळ दिला आणि ऐन चढावर बंद पडलो. मागून हॉर्नचा गदारोळ. झाकण, सुस्स, किक.

माणिकपूरला पुन्हा थांबलो, तेव्हा रिक्षास्टँडजवळ पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने विचारलं, "दादा, गाडी दमली काय तुझी? ये, पानी पी."

पाणी प्यायलो. "बायको पुढच्या गाडीवर गेली," मी न विचारताच सांगितलं.

"मंग तू हितं काय करतंस?" ती म्हणाली. मी किक मारली.

गावाच्या अलीकडे, बावखलाच्या (वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या) काठावर दोघं थांबली होती. सुनीताच्या हातात मेल्विनच्या आईने त्याच्याबरोबर पाठवलेली सुकेळी (वाळवलेली पिकी केळी) होती. मलाही दिली. मधासारखी गोड होती, पण मी कौतुक केलं नाही. मेल्विनने माझ्या गाडीचा प्लग काढून पुसला, कार्बोरेटरच्या नळ्या दाबून पाहिल्या. गाडी तशीच.

"मी सुनीला घरी सोडतो आणि मेकॅनिक घेऊन येतो," तो म्हणाला.

म्हणजे माझी बायको दिवाळसणाला त्याच्या गाडीवरून उतरणार, आणि जावई मागाहून ढकलत येणार.

"थांब रे," सुनीता म्हणाली. "अहो, तुम्ही झाकण उघडता ना, त्यानंतर ती थोडा वेळ बरी चालते. दरवेळी."

"तुला काय माहीत? तू तर पुढे होतीस."

"मागे बघून बघून मान अवघडली माझी. नीट बस म्हणून हा दहादा ओरडला."

मेल्विनने कपाळाला हात लावून दुजोरा दिला. मी झाकणाकडे नीट पाहिलं.

झाकणावर सुनीताने दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. आमचा पहिला दसरा, ते पुसू नये म्हणून मी हौसेने वरून वॉर्निशचे दोन हात दिले होते. टाकीत हवा जायचं बारीक भोक नेमकं त्याखाली. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. सुनीताने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि स्वतःच काढलेल्या स्वस्तिकाच्या मधोमध टोचली. मग काही न बोलता माझ्या मागे येऊन बसली. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, तेव्हा आम्ही दोघं एकाच गाडीवरून उतरलो होतो.

भाऊबीज उरकून परत निघालो. गाडी तक्रार न करता धावत होती. बावखलापाशी आरशात पाहिलं तर सुनीता मान वळवून मागे बघत होती, पण या वेळी तिच्या मागे मी नव्हतो. केळीच्या वाड्या होत्या, हात हलवणारी आई होती, कुंपणाशी मेल्विन होता. पुन्हा जळफळाट झाला, आता तर अख्ख्या गावाबद्दल.

मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि झाकण उघडलं.

"पुन्हा अडली?" तिने विचारलं.

"नाही, सुनी," मी म्हणालो. "हवं तेवढं मागे बघून घे तू."